पुढचा फर्मा

प्रिय सूनबाई,

काल निकाल कळला तेव्हा तू फोनवर एवढ्या जोरात ओरडलीस, की भिंगरीनं मोबाइल कानापासून हातभर लांब धरला आणि म्हणाली, आजी, आई तिकडं शिक्षकांच्या शिबिरात आहे की मैदानात? मला हसू आवरेना आणि रडूही आवरेना. मग तुला शिबिरातल्या कुणीतरी हाक मारली आणि फोन संपला. आणि तसंही आपलं फोनवरचं बोलणं ते काय असतं? आई, जेवलात का, गोळी घेतलीत का, गुडघा कसा आहे, ठेवते हं. माझं बोलायचं राहूनच जातं. म्हणून आज दुपारी खिडकीपाशी टेबल ओढून बसले आहे. तू नेहमी म्हणतेस ना, प्रश्नात ‘सविस्तर लिहा’ असेल तर सविस्तर लिहायचं, हात आखडायचा नाही. तर घे, हे सविस्तर. एक मात्र आधीच सांगून ठेवते. त्या मुख्याध्यापिकेच्या जागेबद्दल, जिला तू सोमवारी नकार कळवणार आहेस, मी या पत्रात अवाक्षर काढणार नाही. ठरवून बसले आहे.

निकाल कसा कळला ते ऐक. भिंगरीनं माझा नंबर मोबाइलवर घातला आणि ते चाक फिरत राहिलं, फिरत राहिलं. मी म्हटलं, बंद कर, दोनदा आपटलेय, तिसऱ्यांदा आपटले तर निदान चहा पिऊन आपटू दे. तेवढ्यात तिनं किंकाळी फोडली. शंभरात एकाहत्तर. मी चष्मा पुसून स्वतः पाहिलं, कारण भिंगरी तुझीच मुलगी असली तरी चेष्टेत बापावर गेली आहे. खरंच एकाहत्तर. खाली लिहिलं होतं, उत्तीर्ण. माझ्या लेकाला फोन लावला तर तो कुठल्याशा इमारतीत लिफ्टच्या डोक्यावर बसून दोर तपासत होता. म्हणाला, आई, दोन मिनिटं थांब, खाली उतरून आनंद होतो, इथं नाचलो तर पडेन. आणि खरंच खाली उतरून त्यानं पुन्हा फोन केला आणि पठ्ठ्या सारखं एकाहत्तर, एकाहत्तर म्हणत राहिला. शेवटी मीच म्हटलं, बरं बरं, कामाला लाग. शेजारच्या काकूंना कळलं तेव्हा त्यांनी विचारलं, आता या वयात दहावी होऊन करणार काय? मी म्हटलं, अकरावी.

तुला माझं पुस्तक बांधायचं काम माहीत आहे, पण तुकड्यातुकड्यांनी. आज सलग सांगते, कारण माझ्या अभ्यासाची सगळी गंमत तिथंच आहे. मी शाळा सोडली तिसरीत आणि छापखान्याच्या बांधणी खात्यात लागले ती पोरवयातच. लांबलचक टेबल, दोन्ही बाजूंना बायका, मध्ये कागदांचे ढीग. छापून आलेला मोठा कागद समोर पसरायचा, पट्टीनं दाब देत तीन घड्या घालायच्या, की सोळा पानांचा फर्मा तयार. असे फर्मे क्रमानं लावायचे, शिवायचे, पाठीला खळ लावायची, की झालं पुस्तक. पसरलेल्या कागदावर पानं दिसायची खरी, पण निम्मी डोक्यावर उभी, आणि एकाशेजारी दुसरं म्हणून लागोपाठचं नाहीच. वाचायला थांबलं की आमची मुकादमीण टेबलाच्या टोकावरून गरजायची, अगं बाई, तुला पगार घडीचा आहे की परीक्षेचा? तिला आम्ही कातरबाई म्हणायचो. हातात कातर आणि तोंडातही. तर मग वाचायला मिळायचं काय? घडी पुरी झाली की फर्म्याचं वरचं पान आणि उलटून ढिगावर ठेवताना खालचं पान. पहिलं आणि शेवटचं. बाकीची आत, कडा न कापलेल्या. एकेका फर्म्याचे हजारो कागद, म्हणजे तेच पहिलं पान हजारो वेळा डोळ्यांखालून जायचं. मी वाचायला नीट शिकले ती अशी, एकाच पानावर महिनाभर.

आणि जास्तीत जास्त काम असायचं शाळेच्या पुस्तकांचं. नववी-दहावीचं इतिहास आणि नागरिकशास्त्र आमच्याकडंच बांधायला यायचं. त्यामुळं झालं असं, की स्वातंत्र्याचा लढा मला पाठ, पण फक्त सुरुवाती. काडतुसांची अफवा छावणीत पसरली, पान संपलं. बंगालच्या फाळणीची घोषणा झाली आणि लोक रस्त्यावर उतरले, पान संपलं. मिठासाठी लोक समुद्राकडं चालायला निघाले. ते निघालेले मी हजारो वेळा पाहिले, पोहोचलेले एकदाही नाही. टेबलावर आमच्या पैजा लागायच्या. खळ लावणारी होती एक, हसरी, गालाला कायम खळीचा ठिपका. ती म्हणायची, पोहोचले असतील गं, नाहीतर पुस्तक एवढं जाड कशाला झालं असतं!

त्या सगळ्यात एक वाक्य माझ्या मानगुटीवर बसलं ते कायमचं. तो फर्मा राज्यघटनेचा होता. शेवटच्या पानाच्या अगदी तळाशी लिहिलं होतं, ‘या राज्यघटनेने पुरुषांप्रमाणेच स्त्रियांनाही’. आणि कागद संपला. पुढचं पुढच्या फर्म्यात. आणि पुढचा फर्मा छापूनच येईना. आतलं मशीन बिघडलं होतं, सुटा भाग कुठून तरी यायचा होता. ढिगावर ढीग चढत गेले आणि प्रत्येक ढिगाच्या पोटाशी तेच अर्धं वाक्य. पहिल्या दिवशी मीच मोठ्यानं वाचलं, ‘पुरुषांप्रमाणेच स्त्रियांनाही’, आणि विचारलं, काय गं, काय असेल पुढं? खळवाली म्हणाली, स्त्रियांनाही गरम जेवण वाढून मिळेल. दुसरी म्हणाली, स्त्रियांनाही रविवार असेल. तिसरी बिचारी मितभाषी, ती घडी घालता घालता म्हणाली, स्त्रियांनाही ऐकू येतं, हे मान्य केलं. आम्ही हसून हसून लोळलो. रोज सकाळी कामाला बसताना एकीनं ते वाक्य पुरं करायचं, असा पायंडाच पडला. कातरबाई सुरुवातीला ओरडली, मग एका सकाळी कुणाचं लक्ष नाही असं पाहून स्वतःच पुटपुटली, स्त्रियांनाही एकदा तरी कुणी विचारलं. त्या दिवशी मात्र कुणी हसलं नाही.

मत द्यायचा हक्क असणार, हे आम्हाला काय कळत नव्हतं? कळत होतं गं. पण अंदाज आणि छापलेलं वाक्य यांत फरक आहे. मला ते माझ्या डोळ्यांनी पुरं झालेलं पाहायचं होतं. आणि नेमका पुढचा फर्मा यायच्या आत मला काम सोडावं लागलं, कारण तुझ्या नवऱ्याला जन्माला यायची घाई झाली. तो पोटात असल्यापासून असाच, वेळेआधी हजर. कातरबाई बाळाला बघायला आली तेव्हा पिशवीतून तेच पुस्तक घेऊन आली. बांधताना चुकलेली प्रत, रद्दीत जायची ती तिनं माझ्यासाठी बाजूला ठेवली होती. मी आधी बाळ तिच्या हातात दिलं आणि पुस्तक उघडलं, शेवटाकडून. चूक काय होती सांगू? घटनेचा फर्मा दोनदा लागला होता आणि त्याच्या पुढचा लागलाच नव्हता. म्हणजे ‘पुरुषांप्रमाणेच स्त्रियांनाही’ दोनदा, आणि पुढं काही नाही. कातरबाईला म्हटलं, अहो, हे काय आणलंत! ती म्हणाली, चांगली प्रत मला कोण देणार बाई, आणि पुढचं वाचायचं असेल तर परत कामावर ये. मी आता डोळ्यांनी थकले, माझ्या जागेवर मुकादमीण म्हणून तुझं नाव मी मालकांना सांगितलंय. फर्मे लावताना तुझी चूक मी आजवर पाहिली नाही.

ती गेल्यावर त्यावर घरात बोलणं झालं. बोलणं म्हणजे मोठी माणसं बाहेरच्या खोलीत बोलली आणि मी आत बाळाला घेऊन बसले होते. नकार कळवला गेला. वाईट कुणीच नव्हतं, कुणी आवाजही चढवला नाही. सासूबाई मायेनं म्हणाल्या, आता तुला कशाला ती दगदग. फक्त मला कुणी विचारलं नाही. मी हो म्हटलं असतं की नाही, हे मला आजही माहीत नाही, कारण तो प्रश्न माझ्यापर्यंत आलाच नाही. पुस्तक मी कपाटात साड्यांच्या खाली ठेवलं. रागानं नाही. जागा तिथंच होती.

मग खूप वर्षांनी तू आलीस. घरात पहिल्यांदा तुझी पुस्तकं आली तेव्हा कपाट आवरायला काढलं, आणि ते माझं चुकलेलं पुस्तक तुझ्या हाती लागलं. तू इतिहास-नागरिकशास्त्राची बाई, तुला तर खजिनाच सापडला. पानं उलटत गेलीस आणि म्हणालीस, आई, यात एक फर्मा दोनदा आहे. तुला ‘फर्मा’ हा शब्द माहीत होता, तिथंच तू मला आवडलीस, खोटं कशाला सांगू. त्याआधी मी तुला जरा तपासूनच घेत होते. मी तुला ते अर्धं वाक्य दाखवलं, टेबलावरच्या बायकांची उत्तरं सांगितली. तू हसलीस, आणि पुढं काय आहे ते मात्र सांगितलं नाहीस. मला वाटलं, विसरली. आठ-दहा दिवसांनी शाळेतून येताना तुझ्या पिशवीत जुन्या आवृत्तीची प्रत होती, शाळेच्या कपाटात तळाशी पडलेली. तू ती नेमक्या पानावर उघडून माझ्यासमोर ठेवलीस. मी म्हटलं, वाच की. तू म्हणालीस, तुम्हीच वाचा, आई. एवढी वर्षं थांबलात, आता दुसऱ्याच्या तोंडून कशाला?

मी वाचलं. ‘मतदानाचा समान अधिकार दिला, कारण स्वातंत्र्याच्या लढ्यात त्या बरोबरीने उतरल्या होत्या.’ मत मी कितीतरी वेळा देऊन आले होते, त्यात नवल नव्हतं. मी अडले ती ‘बरोबरीने’ या शब्दावर. आम्ही सगळ्या त्या टेबलावर नुसता हक्क ओळखायच्या मागं होतो, त्यामागं असं कारण असेल हे एकीच्याही डोक्यात आलं नव्हतं. मी तुला विचारलं, कोण होत्या या? कुठं उतरल्या? करायच्या काय? तू म्हणालीस, बसा. आणि चहा ठेवायच्या ऐवजी मला मिरवणुका सांगितल्यास, तुरुंग सांगितले, परदेशी कापडाच्या दुकानांसमोर उन्हात उभ्या राहिलेल्या बायका सांगितल्यास. माझे मिठाला निघालेले लोक तू त्या संध्याकाळी एकदाचे समुद्रावर पोहोचवलेस. मग म्हणालीस, आई, एवढं विचारताय, तर परीक्षेलाच बसा ना.

पुढचं तुला ठाऊक आहे, पण मला सांगायला मजा येते म्हणून ऐक. गणित सुटलं, भाषा सुटल्या, विज्ञानसुद्धा सुटलं आणि मी आपटले कशात, तर इतिहास-नागरिकशास्त्रात! भिंगरी म्हणाली, आजी, स्वतःच्या हातानं बांधलेल्या पुस्तकात कोण नापास होतं? उत्तरपत्रिकेची प्रत मागवून तू टेबलावर पसरलीस आणि डोक्याला हात लावलास. प्रत्येक उत्तराची सुरुवात अशी, की तपासणाऱ्यानं उभं राहून टाळ्या वाजवाव्यात. आणि शेवट कुठंच नाही. अर्धं पान झालं की मी पुढच्या प्रश्नाकडं. हाताला सवयच तशी, वरचं पान दिसलं की कागद ढिगावर. तू लाल पेन घेऊन बसलीस आणि म्हणालीस, आई, चळवळ सुरू केलीत, आता ती संपवायचीही जबाबदारी तुमची. त्यानंतर कित्येक महिने मी चहा पिताना, भांडी घासताना, जिना चढताना फक्त शेवट म्हणत होते. शेजारच्या काकूंना वाटलं मला काहीतरी झालंय.

दुसऱ्यांदा शेवट सगळे बरोबर लिहिले आणि तरी आपटले. मूलभूत हक्क सात लिहिले, त्यात मालमत्तेचा धरून. मतदानाचं वय एकवीस लिहिलं. तू म्हणालीस, आई, मालमत्तेचा हक्क त्या यादीतून कधीच गेला, आता सहाच राहिले. आणि वय अठरा झालं. मी काय म्हटलं आठवतं? मी म्हटलं, कसे सहा? छापलेलं आहे, मी स्वतः घडी घातली आहे! माझा लेक इतका हसला की त्याला ठसका लागला. अगं, इमारतीतली पोरं अठराव्या वर्षी बोटाला शाई लावून आलेली मी माझ्या डोळ्यांनी पाहिली होती, तरी परीक्षेत हात एकवीसच लिहिता झाला. त्या दिवशी मात्र मी खरंच हिरमुसले. वाटलं, पुरे झालं, म्हातारपणी शोभा. तू जवळ येऊन बसलीस आणि म्हणालीस, आई, पुस्तक बदललं म्हणजे तुमचं खोटं ठरलं असं नाही. घटना बांधून कपाटात ठेवायची वस्तूच नाही. तिला फर्मे जोडता येतात, काढता येतात, आणि ते कोणी करायचं ते आपण मत देऊन ठरवतो. माझ्या भाषेत सांगितलंस म्हणून समजलं. नाहीतर ‘घटनादुरुस्ती’ म्हटलं की मला आपलं वाटायचं, काहीतरी मोडलं असणार.

आणि मग तू मला तुझ्या वर्गात नेलंस. मुख्याध्यापकांना विचारून, रीतसर. मी शेवटच्या बाकावर बसले, गुडघे काही बाकाखाली मावेनात. शेजारची पोरगी कुजबुजली, आजी, तुम्ही नवीन प्रवेश का? मी म्हटलं, हो, जरा उशीर झाला. तुझा तास होता मूलभूत हक्कांचा. सूनबाई, घरात मी तुला केस बांधायचं भान नसलेली, गॅसवर दूध ठेवून वह्या तपासणारी, ते उतू गेलं की जीभ चावणारी अशी पाहिली होती. तिथं फळ्यासमोर तू निराळीच होतीस. आवाज चढवला नाहीस आणि वर्ग चिडीचूप. एका मुलीनं विचारलं, बाई, हे हक्क आपल्याला दिलेत ना, मग देणाऱ्यानं परत घेतले तर? तू खडू खाली ठेवलास. म्हणालीस, ‘दिले’ असं आपण बोलण्याच्या ओघात म्हणतो. पण नीट ऐका. ते मुळात आपलेच होते. लोकांनी लढून ते मान्य करायला लावले आणि मग लिहून ठेवले, म्हणजे कुणी विसरायला नको. आणि सगळ्यांनी हात वर करून एखाद्याचा हक्क काढून घ्यायचं ठरवलं, तरी ते चालत नाही. बहुमतानं खूप काही ठरतं, पण प्रत्येक गोष्ट ठरत नाही. ती पोरगी विचार करत खाली बसली. मी मागच्या बाकावर बसून चष्मा पुसत होते. बाजूची म्हणाली, आजी, रडताय? मी म्हटलं, ती बाई माझी सून आहे. पोरगी म्हणाली, मग तुमची मजाच आहे. मी म्हटलं, आहेच मुळी!

त्या तासानंतर मी तिसऱ्या परीक्षेला बसले ती निर्धास्त. पेपर हातात आला आणि शेवटचा प्रश्न पाहून मला वाटलं, हा तूच काढलास की काय. सार्वत्रिक प्रौढ मताधिकार म्हणजे काय ते सांगून त्याचं महत्त्व सविस्तर लिहा. मी पेन खाली ठेवलं, पाणी प्याले. मग अठरा वर्षं लिहिलं, ठळक. श्रीमंत-गरीब, शिकलेला-न शिकलेला, बाई-पुरुष, प्रत्येकाचं मत सारख्याच वजनाचं, हे लिहिलं. आणि शेवटी ते माझं वाक्य, पण एक फरक करून. ‘दिला’ लिहिलं नाही. ‘मान्य केला’ लिहिलं. खाली रेघ मारून घंटा होईपर्यंत बसले होते. एकही उत्तर अर्धं नव्हतं. पर्यवेक्षक म्हणाले, आजी, पुरवणी हवी का? मी म्हटलं, नको, शेवट झालाय.

तर असं हे. आता कबूल करते, की अवाक्षर काढणार नाही म्हटलं ते माझ्याच्यानं होत नाही. शिबिराला निघायच्या आदल्या दिवशी जेवताना तू सहज म्हणाल्यासारखं सांगितलंस, मोठ्या शाळेत मुख्याध्यापिका म्हणून बोलावलंय, दुसऱ्या गावी, आठवडाभर तिथंच राहावं लागेल, मी नाही म्हणून कळवणार आहे, आमटी वाढू का? मी विचारलं, का गं? तू म्हणालीस, भिंगरीची नववी आहे, यांच्या कामाच्या वेळा अशा, आणि आईंची दहावी अजून सुटायची आहे. तिघांची नावं घेतलीस. चौथं घ्यायला विसरलीस. तू गेल्यावर तिसऱ्या दिवशी तुझा नवरा म्हणाला, आई, ती मला विचारेल म्हणून मी थांबलो होतो, आणि मी विचारीन म्हणून ती थांबली असेल का? मी म्हटलं, आता सभा घे. म्हणून काल निकालानंतर आम्ही स्वयंपाकघरात रीतसर सभा घेतली. अध्यक्ष मी, वयानं. भिंगरीनं मत द्यायला हात वर केला, तेव्हा तिला वयाची आठवण करून दिली. ती म्हणाली, आजी, तुझ्या पुस्तकाप्रमाणं तर मला अजून तीन वर्षं जास्त थांबावं लागलं असतं! मग तिला निरीक्षक नेमलं. सकाळचा स्वयंपाक माझा, संध्याकाळचा तुझ्या नवऱ्याचा (दोर तपासणाऱ्याला कणीक मळता येत नाही, हे मी ऐकून घेणार नाही), भिंगरीचा अभ्यास मी घेणार, इतिहासाचा तर नक्कीच, आता प्रमाणपत्र आहे. ठराव एकमतानं मंजूर. तू नसलीस की घर मला रिकामं रिकामं वाटेल, संध्याकाळी तुझ्या चपलांचा जिन्यावरचा आवाज मी शोधत बसेन, हे मी सभेत बोलले नाही. अध्यक्षांनी असं काही बोलायचं नसतं.

आणि आता हे पत्र का लिहिलं ते. कालच्या ठरावाचा कागद मी आधी तुला पाठवणार होते. त्यावर मी लिहिलं होतं, ‘सूनबाईंना ती जागा घेण्यास घरच्यांची परवानगी आहे.’ वर सहीसुद्धा केली. मग सकाळी तो कागद पुन्हा वाचला, आणि मला तुझी ती शेवटच्या बाकावरून पाहिलेली मूर्ती आठवली, खडू खाली ठेवणारी. परवानगी? देणारे आम्ही कोण? मी ती ओळ खोडली, तुझ्याच लाल पेनानं. आमचा ठराव फक्त घरच्या कामाचा आहे, तुझ्या जाण्या-न जाण्याचा नाही. तो बहुमताचा विषयच नाही. तुला जायचं असेल तर जा, नसेल जायचं तर राहा, पण आमची नावं पुढं करून नकार लिहू नकोस. सोमवारी कागदासमोर बसशील तेव्हा एकदा स्वतःला विचार, तुला काय हवंय. मला त्या वेळी कुणी विचारलं नव्हतं, आणि कातरबाईला तर आयुष्यभर नाही. म्हणून मी विचारते आहे, घरातली मोठी म्हणून नाही, तुझ्या शेवटच्या बाकावरून, हात वर करून. बाई, तुम्हाला काय हवंय? उत्तर सविस्तर लिहा. अर्धं सोडलेलं मी तपासणार नाही.

तुझीच
विद्यार्थिनी
(आणि सासूसुद्धा, पण ते नंतर)